फोटोखालचं नाव

४ जून, बुधवार

घेतलं एकदाचं! वेबसाइटचं नाव — प्रमिलाखोडे डॉट इन. प्राजक्ता नागपुरातून फोनवर सांगत होती आणि मी इकडे सौंसरात, दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवून एकेक अक्षर दाबत होते. लेकीनं पुन्हा पुन्हा विचारलं, आई नक्की ना, नलिनीधोटे पण मोकळं आहे. म्हटलं, नक्की.

तिचे नियम लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. नाव लहान हवं, फोनवर सांगितलं तर एका दमात कळावं. मध्ये आडव्या रेघा, आकडे नकोत. आणि नोंदणी स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर. नवऱ्याच्या नाही, लेकीच्याही नाही. ज्याच्या नंबरवर ओटीपी येतो, वेबसाइट त्याची.

आता कारण. पानाला तरी खरं सांगावं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यावर 'नलिनी' लिहिलं, आणि प्रमिला खोडे संपली. तेव्हा मला काही वाटलंही नाही. नवी साडी, नवं घर, नवं नाव — सगळं एकदमच आलं. पण आता मला कोणी शोधायचं म्हटलं तर कोणत्या नावानं शोधणार?

शोधणारी एकच आहे. शोधत असली तर. रजनी मानमोडे — तिगावच्या रेल्वे क्वार्टरात आमच्या दोन घरांना भिंत एक होती. दोघींचे बाप रेल्वेत. दोघी पॅसेंजरनं पांढुर्ण्याच्या शाळेत जायचो, एका डब्यात जेवायचो. मग तिच्या बाबांची बदली झाली, तिचं लग्न मामाच्या गावी लागलं, मी तेव्हा बाळंतपणात. झालं. फेसबुकवर किती दिवस धुंडाळलं — नाही! असणार तरी कशी? तिलाही कोणीतरी तांदळात नवं नाव लिहून दिलं असणार आणि ते मला माहीत नाही. म्हणून उलटं करायचं ठरवलं. ती मला सापडत नाही तर मीच तिला सापडेन असं काहीतरी करायचं.

६ जून

ह्यांना कळलं. जेवण उरकलं. हात धुतल्यावर म्हणाले, "मी तुयं नाव बाजारात टांगलं. तू त्याले घरातही ठेवून नाही राहिली."

दुकानाची पाटी आहे 'नलिनी वस्त्र भांडार'. लग्नानंतर लगेच ह्यांनी स्वतः रंगवून घेतली होती. सासूबाई बोलल्या होत्या तेव्हा, देवाचं नाव सोडून बायकोचं कशाला म्हणून. ते मी विसरलेले नाही. पण हे त्याविरुद्ध आहे असं ह्यांना का वाटावं? मी समजावायला गेले, तर हे कापडाचे गठ्ठे नीट लावायला लागले. गठ्ठे नीटच होते.

१७ जून

आज तिगाववर लिहिलं. घाट चढायला मालगाडीला मागून इंजिन लावायचे, त्या आवाजात आम्हाला झोप लागायची. लिहून झालं तरी उठवेना.

तयार साचा निवडताना मी एक भारी उचलला होता — चित्रं सरकतात, अक्षरं उडत येतात. दोन दिवस फार आनंद. मग बोरगावच्या नणंदेला, भाग्यश्रीला, दुवा पाठवला. तिचा फोन आला, "वहिनी, चाक फिरूनच राहिलं, तुमचं काही दिसून नाही राहिलं." बोरगावात नेटवर्क असंच. म्हणजे मी लिहिते कोणासाठी, लॅपटॉपसाठी? उडवलं सगळं. आता पांढरं पान, काळी अक्षरं, जरा मोठी. फोटोही फार जड होते. ते हलके करायच्या साइटी आहेत — फोटो टाकला की चेहरा तोच, वजन निम्म्याहून कमी. मला हा उपाय उभ्या जन्मात मिळाला नाही!

भाग्यश्रीच्या फोनवर आता झटकन उघडतं. यापुढे नवं काही केलं की आधी बोरगाव.

२१ जून

काल वेबसाइटवर कोणी कोणी आलं ते बघितलं. बहुतेक मीच होते.

२८ जून, शनिवार

आज मोठं काम. शाळेच्या संमेलनातला फोटो लावला. मी हवालदार, काजळाची मिशी. रजनी चोर, गळ्यात गठुडं. नाटकात मी तिला पकडायचं होतं, पण तिला हसू आवरेना आणि ती पळायचंच विसरली.

प्राजक्ता म्हणते, गूगलला फोटो आपल्यासारखा दिसत नाही गं, त्याला अक्षरं लागतात. प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक द्यायचं, 'मुखपृष्ठ' असं नुसतं नाही. फोटोखाली ओळ द्यायची, आणि फोटोच्या पोटातही एक वर्णन लिहायची जागा असते, ती रिकामी सोडायची नाही. मग साइटचा नकाशा, म्हणजे सगळ्या पानांची यादी, गूगलला कळवायचा, म्हणजे त्याला पानं सापडतात. आणि थांबायचं. त्याला घाई नसते.

मी लिहिलं — 'डावीकडे प्रमिला खोडे, उजवीकडे रजनी मानमोडे, पांढुर्णा.' मराठीत, आणि खाली इंग्रजी अक्षरांतही. कोण कशात शोधेल काय सांगावं.

प्राजक्तानं लगेच हटकलं. दुसऱ्याचं पूर्ण नाव असं न विचारता टाकू नये आई, तिच्या घरी चालत असेल-नसेल. म्हटलं, विचारायला ती सापडायला नको का? आणि सापडायला नाव टाकायला नको का? नाव ठेवलं, पण ते टोचत राहणार आहे.

११ जुलै

सगळं गेलं!

सकाळी पडद्यावर आलं, साचा अपडेट करा. मी शहाणी, दाबलं. पान पांढरं फटक. तिगाव गेलं, फोटो गेला, सगळं गेलं. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. दुकानात गिऱ्हाईक होतं, हे म्हणाले, "नलू, आत जा, मी पायतो." कितीतरी दिवसांनी नलू म्हणाले.

प्राजक्तानं संध्याकाळी परत आणलं. ज्या कंपनीकडे साइट ठेवली आहे तिच्याकडे कालची प्रत होती. नसती तर? आता शिस्त लावून घेतली. दर रविवारी प्रत काढायची. एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर (तो डाळीच्या कोठीवरच्या डब्यात), एक प्राजक्ताकडे नागपुरात. सगळ्या प्रती एकाच घरात ठेवून उपयोग काय! आणि आधी प्रत, मग अपडेट. लिहिलेलंही आधी वहीत, मग साइटवर.

१९ जुलै

निरोप पाठवायचा चौकोन ठेवला होता, त्यात नुसता कचरा. केस वाढवायचं तेल, परदेशी लॉटरी. प्राजक्ता म्हणाली ही माणसं नाहीत, यंत्रं आहेत. एक सोपा प्रश्न ठेव, यंत्राला येणार नाही, माणसाला येईल.

ठेवला. 'पांढुर्ण्याच्या पुढचं स्टेशन कोणतं?' उत्तर — तिगाव. यंत्राच्या बापाला येणार नाही.

२६ जुलै

कचरा बंद. मी हुशार आहे.

३० जुलै

कसली हुशार!

बैतूलहून ह्यांच्या मावसभावाचा, हेमंतभाऊंचा फोन. वहिनी, तुमचं वाचलं, लई चांगलं लिहिलं, पण दोनदा निरोप धाडला आणि तुमची साइट म्हणते उत्तर चूक. विचारलं, काय लिहिलं होतं? तर नरखेड. आता बैतूल इटारसीच्या बाजूला, तिकडून येणाऱ्याला तिगाव आधीच मागे पडतं! त्याला पांढुर्ण्याच्या पुढं तिगाव कुठून येणार? नागपूरकडून येणाऱ्यालाच ते पुढचं. शाळेत मास्तरही तसंच शिकवायचे, सगळं नागपूरपासून मोजायचं. मला दुसरी दिशा सुचलीच नाही.

प्राजक्ता हसून हसून बेजार. "आई, तू साऱ्या जगाले तिगावच्या क्वार्टरात उभं करून प्रश्न विचारून राहिली."

बदलला. आता 'दोन अधिक तीन किती'. बैतूललाही पाच, नागपूरलाही पाच. पण खरं सांगू? तो प्रश्न मी सगळ्यांसाठी ठेवलाच नव्हता. मला एकीचाच निरोप हवा होता.

१४ ऑगस्ट

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. हे चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसले आणि सगळी साइट वाचली. पहिल्यापासून. मी आत धान्य निवडत बसले, तांदळात एक खडा नव्हता तरी.

मग हाक मारली. माझ्या ओळखीच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, इथं फक्त प्रमिला आहे. वाचणाऱ्याला भेटायला यायचं झालं तर कुठं येईल? बरोबर होतं. तिथंच बसून लिहिलं — 'प्रमिला खोडे, म्हणजेच सौंसरची नलिनी धोटे.' दुकानाचा पत्ता ह्यांनीच सांगितला, 'जुन्या बस स्टँडजवळ' हेही घालायला लावलं. मला बरं वाटलं. दोन्ही मीच आहे, एक खोडून दुसरी कशाला लिहायची? हे आधीच सुचायला हवं होतं.

मग फोटोवर आले. कोण ही, विचारलं. मी सांगितलं. इतक्या वर्षांत मी ह्यांच्याशी रजनीबद्दल धड कधी बोललेच नव्हते. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "तिले सापडायचंच नसन तर?"

मी म्हटलं, असं कसं नसेल. तर म्हणाले, "नवं नाव घेऊन कुठं तरी नीट बसली असन. तिच्या घरच्यांले जुनं काही माहीत नसन. तू तिले न विचारता चौकात उभी करून राहिली."

पोरीनंही हेच सांगितलं होतं, पण ह्यांच्या तोंडून जास्त लागलं. मला नाव देतानाही कोणी विचारलं नव्हतं आणि त्याचाच माझा राग आहे. आणि मी रजनीचं काय केलं? तेच ना!

१८ ऑगस्ट

दिवसभर डोक्यात तेच. गूगलवर शोधून पाहिलं — माझं नाव टाकलं तर माझी साइट पहिली येते. रजनी मानमोडे टाकलं तरी माझीच येते. दुसरं काहीच नाही तिच्या नावाचं, कुठंच. तिचं स्वतःचं असं काही नाही आणि मी लावलेली एक ओळ आहे. ते पाहून मला भीती वाटली.

२१ ऑगस्ट

पोळा आला. दुकानात उभं राहायला जागा नाही. तान्ह्या पोळ्यासाठी लेकरांना नवे कुर्ते, धोतरं, फेटे. सौंसरच्या सगळ्या आया आजच जाग्या झाल्या आहेत. लॅपटॉप फेट्यांच्या ढिगाखाली.

२४ ऑगस्ट, रविवार

गर्दी ओसरली. रविवारची प्रत काढली, आधी ते. मग फोटोचं पान उघडलं आणि रजनीचं नाव पुसलं. फोटोखालून, फोटोच्या पोटातून, इंग्रजीतलंही. आता आहे — 'डावीकडे प्रमिला खोडे, उजवीकडे मैत्रीण'. चेहरा राहू दिला. काजळ आणि गठुड्यात कोण ओळखतंय.

आता ती मला सापडायची नाही, हे समजूनच पुसलं. माझं नाव आहे तिथं, पत्ता आहे. तिला वाटलं तर ती मला शोधेल. नाही वाटलं तर तिची मर्जी. ह्यांना सांगितलं. मग मीच चहा टाकला दोघांना. साखर घालायची विसरले आणि दोघांनीही तसाच प्यायला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

निरोपाचा डबा आज उघडला. पोळ्याच्या गडबडीत उघडलाच नव्हता. एक निरोप शनिवारचा, वरुडहून. वरुड — इथून एका सकाळीत जाऊन येऊ एवढं! खाली नाव सुलभा, आणि नंबर.

"प्रमिला, मी तुले शोधून नव्हती राहिली व. खोटं नाही सांगत. नात विचारे, आजी, लग्नाच्या आधी तुयं नाव काय होतं? मी सांगितलं तर मानेच ना. म्हणून माहंच नाव टाकून पायलं, कुठं उरलं का म्हणून. एकाच जागी निघालं. तुया फोटोखाली. नातीले दाखवलं. आता ती रोज उघडून पायते. तेवढं राहू देजो."

आधी नाव परत लिहिलं. तिन्ही ठिकाणी. मग फोन लावला.