जाडी की बारकी

रवि. २३ नोव्हें. २००३, रायापूर (धारवाडजवळ)
सकाळी फेलिक्सचा गोव्याहून फोन. नौदलात बारा वर्षं शर्यतीत एकाच बोटीवर होतो, तो सुकाणूवर, मी शिडांवर. आता तोही विधुर. म्हणतो, झुवारी नदीत दोन शिडाच्या बोटी विकायला आहेत, दोन्ही जुन्या. दोघांत मिळून एक घेऊ. तिच्यावरच राहायचं, पावसाळ्यात खाली उतरायचं. 'एकट्यानं मी घेणार नाही. तू ये.'
हसून फोन ठेवला. शांता जाऊन दोन वर्षं झाली, अजून भात दोघांचाच शिजतो.

बुध. २६
फेलिक्सनं पाठवलेले कागद आले. बोटींची नावं परदेशी, जीभ वळत नाही. मी जाडी आणि बारकी म्हणतो.
जाडी ३४ फूट. बूड जड, बुडाखालचा कणा, म्हणजे कील, लांब. सुकाणू बांधून चहा करायला गेलं तरी वाट सोडणार नाही. आत सरळ उभं राहता येतं. झोपायला दोन बंक, चूल, पाण्याची मोठी टाकी. पण वारा कमी असला की म्हैस.
बारकी ३१, निमुळती. शर्यतीसाठीच बांधलेली. समोरच्या वाऱ्यावर हिच्याइतकी चढून जाणारी बोट त्या नदीत नाही, हे फे.चं मत. आत वाकून वावरायचं. झोपायला जागा म्हणजे फळी. चार दिवसांच्या सफरीला ठीक, बारा महिने राहायला…
मी जाडी. फे. बारकी. न विचारताच माहीत आहे.

रवि. ३०
जुन्या हुबळीला कापडाच्या दुकानात गेलो. धाकट्या भावाला, श्रीधरला सांगितलं. तो कापडाचा तागा गुंडाळत राहिला. त्याची बायको सुधा वर जेवायला वाढताना म्हणाली, "अण्णा, बोटीत काही झालं तर आम्हाला कळणार कसं?"
मी म्हटलं, "रायापुरात झालं तर कसं कळेल?"
लागलं असणार तिला. निघताना डबा दिला, वरच्या खोलीत येऊन राहा, हेही पुन्हा म्हणाली. चांगली आहे पोरगी. मी असं बोलायला नको होतं.

शनि. ६ डिसें., गोवा
काल धारवाडहून गाडी. अळणावरपुढं जंगल लागलं. फे. स्टेशनावर. वाळलाय. मिठी मारली ती सोडेचना.
आज जाडी बाहेर काढली. सकाळचा वारा मंद. तासाभरात किती पुढं गेलो विचारू नये. पण मी आत जाऊन बंकवर पडलो, पाण्याचा आवाज फळीच्या पलीकडे, आणि चक्क डोळा लागला. कित्येक महिन्यांनी दिवसा झोप.
फे. म्हणाला, ही बोट नाही, वाडी आहे.

रवि. ७
दुपारी बारकी. वायव्येचा वारा भरला आणि ती कललीच. नखशिखांत भिजलो. फे.चे हात सुकाणूवर तसेच, तिशीतले. बोलायची गरज नव्हती, त्यानं मान हलवली की मी दोर सोडायचा. मोठ्यानं हसलो मी.
परतताना नदीच्या मुखाशी त्यानं बोटीचं नाक भलत्या बाजूला वळवलं, वाळूच्या पट्ट्याकडे. ओरडलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"दत्ता, आपण कुठनं निघालो रे?"
थट्टा वाटली. मग त्याचे डोळे पाहिले. सुकाणू मी घेतलं.
संध्याकाळी पेज खाताना त्यानं विचारलं, शांता नाही आली का. तिच्या तेराव्याला हा माझ्या शेजारी बसला होता.

सोम. ८
त्याची मुलगी ओल्गा मडगावाहून आली. बाहेर अंगणात सांगितलं: वर्ष झालं, डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं निदान केलंय, वाढत जाणार. तो तिच्याकडे राहायला तयार नाही. मी बोट घेऊ नये, आणि नाही म्हणायचं तर मीच म्हणावं, माझं तो ऐकेल.
फे. दारात उभा होता. सगळं ऐकलं असावं. ती गेल्यावर शांतपणे म्हणाला, "मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला बोलावलं. मी विसरलो तर बोट किनाऱ्याला आणणारा कुणी हवा ना. कुठली घ्यायची ते तू ठरव."
उठून भांडी घासली.

शुक्र. १२, रायापूर
परत आलो. राग आहे. वाटलं होतं, त्याला मी हवा आहे. त्याला राखणदार हवा होता. मग वाटतं, मी तरी का गेलो? घरात आवाज हवा म्हणून.
कागद पुन्हा काढले. आता जाडीचे कठडे किती उंच ते बघतो. तिच्या दाराला बाहेरून कडी बसेल का, हे मनात आलं आणि स्वतःचीच किळस आली.
बारकीवर वाळूच्या पट्ट्यापर्यंत तो काही विसरला नव्हता. एक दोर चुकला नाही. जाडीवर तो सुरक्षित राहील. बारकीवर तो फेलिक्स राहील. किती दिवस, कुणास ठाऊक.

बुध. १७
ओल्गाचा फोन. बारकीचा मालक शनिवारपर्यंत थांबेल, जाडीचा महिनाअखेर. ती आता नको म्हणत नाही. एवढंच म्हणाली, अंकल, हो म्हणालात तर मध्येच सोडून जाऊ नका. का गेलात ते त्याला कळणार नाही.
हा विचार मी केलाच नव्हता.
श्रीधरला सांगितलं. म्हणाला, अण्णा, तू पासष्टचा. तुला काही झालं तर त्याला कोण आणणार किनाऱ्याला?

गुरु. १८
उद्याचं तिकीट काढलं. शिडं शिवायची जाड सुई, दोन स्वेटर, शांताचा फोटो. कुठल्या बोटीला हो म्हणायचं ते अजून… गाडीत ठरेल, किंवा त्याचं तोंड पाहून.
किल्ली शेजारच्या बसम्माकडे दिली. कुठं, किती दिवस, विचारलं तिनं कन्नडात. समुद्रावर म्हटल्यावर पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "होगि बर्री." जाऊन या.
जातो म्हणालो. 'येतो' तोंडातून निघालं नाही.