पाणी आणणारी गाडी आणि मालाडची खोली

मी, नलिनी सीताराम धुरी, वय सेहेचाळीस, अविवाहित, धंदा नोकरी, राहणार हाउसिंग बोर्ड वसाहत, मालाड पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. शरीर नाही, पोटातली गाठ आता वाढतच जाणार असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले, ते बरे केले. मला कोणी भरीस घातलेले नाही. पूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. माझ्यामागे दोघे राहतील. आई जानकी, जिची उजवी बाजू लुळी पडली आहे, आणि चेंबूरला राहणारा धाकटा भाऊ मार्तंड. माझ्यानंतर आईकडे कोण बघणार, एवढ्यासाठीच हे लिहिणे.

२. मी अंधेरीला सीप्झ या निर्यात-वसाहतीतल्या एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडते. तिथली मैत्रीण विमला काशीराम तोरसकर आणि मी रविवारी छंद म्हणून रोबो करायचो. मोडीत निघालेल्या फियाट टॅक्सीच्या वायपरच्या मोटरी कुर्ल्याहून आणायच्या आणि त्यांना चाके बसवायची. पहिला रोबो तेलाच्या डब्याचा होता. तो भिंतीवर जाऊन आपटला तेव्हा आई पोट धरून हसली होती.

चाक बसवणे दिसते तेवढे सोपे नाही. मोटरीचा दांडा निमुळता असतो; नुसता नट आवळला तर दांडा फिरतो आणि चाक जागच्या जागी. लेथवाल्याकडून तशाच निमुळत्या भोकाचा तुकडा कातून घ्यावा लागतो. शिवाय मोटरीचे अंगच बॅटरीच्या एका टोकाला जोडलेले असते, म्हणून खालचा पाट लाकडी हवा. लोखंडी पत्र्यावर दोन मोटरी बसवून एक उलटी फिरवली की वायरी जळाल्याच. आईचे अंग गेल्यावर याच मोटरींवर मी पाणी आणणारी गाडी केली. आईने बटण दाबले की ती ओट्यापासून पलंगापर्यंत मी भरून ठेवलेले भांडे घेऊन यायची.

मार्तंडची तेव्हा रात्रपाळी होती, तो दुपारी आईपाशी येऊन बसत असे. गाडी बघून म्हणाला, "झकास केलंस, ताई." आणि यायचा बंद झाला. विचारले तर म्हणे, "गाडी आहे ना पाणी द्यायला? मग मी कशाला चेंबूरहून मरायला येऊ?"

३. गेल्या वैशाखात मी कामावर गेल्यावर आईचा चांगला हातही गळाला. बटण कसेबसे दाबले गेले. गाडी आली, पलंगाला लागून उभी राहिली. भांडे काही उचलता येईना. आई त्या पाण्याकडे बघत पडून राहिली.

मढची सगुणा धर्मा भांजी दारोदार मासळी विकते. ती आली, टोपली उतरवली, हात धुतले, आईचे डोके मांडीवर घेतले आणि चमच्याने पाणी पाजले. संध्याकाळी मला म्हणाली, "बाय, तुजी गारी पानी आनंल, पन पाजंल कोन?" मला राग आला. खरे बोलली म्हणून आला. बाई तोंडाची फटकळ आहे, मासळीच्या भावात तिने मला एक पैसा कधी सोडला नाही. पण त्या दिवसापासून ती रोज येते, मासळी खपो न खपो.

मार्तंडला कळवले. तो रविवारी आला, गाडी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "भांड्याला नळी लावून टाक ना. म्हणजे हात लावायलाच नको." त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

४. राहती खोली माझ्या पगारातून हप्ते फेडून माझ्या नावावर झाली आहे. ती मी सगुणा धर्मा भांजी हिला देते. आई असेतो आईने याच खोलीत राहावे, तिला कोणी हलवू नये. सगुणाला विचारले तेव्हा म्हणाली, खोली नको, मी येतेच. म्हणून खोली तिलाच. मासेवालीला घर दिले म्हणून लोक नाके मुरडतील. मुरडू देत.

५. बँकेतली शिल्लक आईच्या औषधपाण्याला. व्यवहार विमलाने बघावा. सोल्डरिंग आयर्न, मोटरी आणि सगळे सामान तिचे.

माझी तिरडी उचलण्याआधी विमलाने गाडीची चाके काढून न्यावीत. आईला बटण अजून दाबता येते. गाडी राहिली तर कोणीतरी बटण तिच्या उशाशी ठेवील आणि दार ओढून निघून जाईल. आईला मी त्या गाडीच्या भरवशावर सोडून मरणार नाही.

६. मार्तंडला स्थावर-जंगम काही नाही. मात्र आईच्या अखेरच्या वेळी तोंडात पाणी घालण्याचा मान मुलाचा असतो. तो मी काढून घेत नाही. काढून घ्यायला तो मान माझा नाहीच. विमलाने त्याला निरोप धाडावा. आला तर सगुणाने बाजूला व्हावे. नाही आला तर तिने त्याची वाट बघू नये, पाजावे.

लिहिलेले दोनदा वाचले. खाडाखोड नाही. खालील दोघांसमक्ष सही करते; त्यांना यातून काही मिळायचे नाही.

सही: नलिनी सीताराम धुरी

साक्षीदार:
१. डॉ. अनंत केशव तेरसे, मालाड. (बाई शुद्धीवर असून समजून सही करीत आहेत.)
२. गुणाजी राघो मेस्त्री, सेक्रेटरी, याच इमारतीत राहणार.

स्थळ: मालाड, मुंबई
दिनांक: १४ ऑक्टोबर १९८६