ऐंशीवर थांबावं

१६ एप्रिल, बुधवार
मॅडमची नवी गाडी आली. नवी म्हणजे सेकंडहँड, हैदराबादहून. प्लग-इन हायब्रिड. घरच्या प्लगवर चार्ज होते, चाळीस किलोमीटर बॅटरीवर जाते, पुढे पेट्रोल.
डॉ. मदीहा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, देवानंदभाऊ, ह्या गाडीचा जीव बॅटरीत आहे. आज तिची तब्येत ब्याण्णव टक्के आहे. सप्टेंबरात सर्व्हिसिंगला पुन्हा मोजतील. टिकली तर गाडी राहील, तुम्हीही राहाल. नाहीतर विकून छोटी गाडी घेईन आणि स्वतः चालवीन. हसून म्हणाल्या. अकरा वर्षं त्यांच्याकडे ड्रायव्हर आहे. त्या हसून बोलतात ते नक्की करतात.

१८ एप्रिल
मोबाइलवर सात व्हिडिओ पाहिले. सातांचं सार एकच. बॅटरी पूर्ण भरू नये, पूर्ण रिकामी करू नये. वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवावी.
थक्क झालो. तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी हेच सांगितलं. ना भोग, ना उपासमार. मध्यम मार्ग. हे कळायला व्हिडिओची गरज नव्हती. पिंपळगाव रेणुकाईच्या झेडपी शाळेत शिकलेला मनुष्यही सांगू शकला असता, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.
संकल्प: रोज संध्याकाळी सातला प्लग लावणार, ऐंशीला काढणार.
कौसल्येला समजावून सांगितलं. ती म्हणाली, हाच नियम तुमच्या ताटाला लावा. विषय तो नव्हता.

२३ एप्रिल
रात्री घरी निघताना ऐंशी. सकाळी साडेसातला आलो तर शंभर.
काल मीच विसरलो असेन. पण मी विसरत नाही.

२४ एप्रिल
पुन्हा शंभर. प्लग काढलेला, वायर गुंडाळून खुंटीला. मी अशी गुंडाळत नाही. इतकी सुबक, नमाजाच्या जानिमाजची घडी करावी तशी.
कुणीतरी रात्रीतून बॅटरीचं आयुष्य कमी करत आहे. म्हणजेच माझ्या नोकरीचं.

२५ एप्रिल
शंभर. उपाय शोधला. खाली मॅडमचा दवाखाना, वर घर. गाडी दवाखान्यामागच्या लिंबाखाली नेली. चारी काचा खाली, एसी अठरावर. दीड तासात ऐंशीवर आली. मॅडम नऊला बाहेर पडतात, तोवर सगळं बराबर.
दीड तास वाया जाऊ नये म्हणून सीटवर बसून आनापान केलं. श्वास आत, श्वास बाहेर. ध्यान फार खोल लागलं. हॉर्नवर डोकं पडलं तेव्हा उठलो.

२८ एप्रिल
संशय वॉचमन रामरावावर. गेटची चावी त्याच्याकडे, शेडची त्याच्याकडे.
आडून विचारलं. तो म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, चोर करंट नेत असतो, भरून ठीवत नसतो. आन् चोरला तरी नेऊ कशात, डब्यात?
इतका तयार जबाब निर्दोष माणूस देत नाही.
वंदनेनंतर मैत्रीभावना केली. सर्व प्राणी सुखी होवोत. रामरावही सुखी होवो. चौकशी चालू राहील.

३ मे
प्लगला अत्तराचा वास. नाक लावून तीनदा खात्री केली.
रामराव तंबाखू खातो. वास लपवायला अत्तर लावत असणार. दुपारी त्याच्या जवळ उभा राहून वास घेतला. तंबाखूचाच आला. म्हणजे ड्युटीवर लावत नाही. पक्का आहे.

७ मे
मॅडमचे वडील ख्वाजामियाँ वरच्या मजल्यावर राहतात. वय सत्याहत्तर. सगळे अब्बामियाँ म्हणतात. जुन्या जालन्यात चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं, कुणाला एक वीत कपडा कमी दिला नाही. फजरच्या नमाजला पहाटे खाली उतरतात. साक्षीदार म्हणून त्यांच्याइतका चांगला माणूस नाही.
त्यांना विचारलं, पहाटे शेडपाशी कुणी दिसतं का. ते म्हणाले, गैर आदमी तर बिलकुल न्हाई दिसला.
मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं की त्यांनाही शक आहे. सकाळी शंभर असते अन् मदीहा निघायच्या टायमाला ऐंशी. कोई तो करंट खाऊन राह्यला, देवानंद.
मी म्हणालो, हो, कमी होते खरी. एवढंच म्हणालो. कोण कमी करतं ते त्यांनी विचारलं नव्हतं.
सकाळी शंभर असते हे त्यांना कसं माहीत, असं क्षणभर मनात आलं. पण थोरामोठ्यांबद्दल असला विचार म्हणजे अकुशल कर्म. सोडून दिला.
दोघांनी मिळून रामरावावर नजर ठेवायचं ठरलं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
पांढरे कपडे, विहारात वंदना, आठ शीलं. दिवसभर कुणावर संशय घ्यायचा नाही असं ठरवलं.
अकरापर्यंत पाळलं. मग रामराव कारण नसताना माझ्याकडे बघून हसला.

२० मे
पहाटे सव्वाचारला येऊन, रामरावाकडूनच शेड उघडून घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर लपलो. चोराला रंगेहाथ पकडणार.

त्याच दिवशी, सकाळी सात
डोळा लागला होता. उठलो तर गाडी शंभर. आणि माझ्या अंगावर दवाखान्याची हिरवी चादर.
चोर इतका निर्ढावला आहे की मला पांघरूण घालून गेला. चादरीलाही अत्तराचा वास.
चादर दवाखान्याची, म्हणजे आतलाच माणूस. रामराव एकटा नाही. टोळी आहे.

५ जून, गुरुवार
दर गुरुवारी मॅडमची शहागडला ओपीडी. पन्नास किलोमीटर. पेट्रोलचा थेंब न जाळता न्यायचं ठरवलं. एसी बंद, वेग चाळीस. ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे जात होते. खताची ट्रॉलीसुद्धा पुढे गेली. मॅडम पदराने घाम पुसत म्हणाल्या, भाऊ, पेशंट बाळंत होऊन घरी जाईल तोवर आपण पोचू.
अंबडच्या पुढे इंजिन आपोआप सुरू झालं. मी सांगितलं नव्हतं. ह्या गाडीवरही आता पूर्वीसारखा विश्वास राहिला नाही.

३० जून
मॅडमनी विचारलं, भाऊ, सकाळी गाडी इतकी गार कशी असते. म्हणालो, लिंबाखाली लावतो, मॅडम. आणि लिंबाखाली लावतोच. खोटं न बोलण्याचं चौथं शील अबाधित.

१० जुलै, आषाढी पौर्णिमा
वर्षावास सुरू. तीन महिन्यांचे संकल्प. एक, चहा दोनच कप. दोन, संशय कमी. तीन, बॅटरी ऐंशी.
पहिला दुपारी मोडला, पाहुणे आले म्हणून. दुसरा मोडला नाही, थोडा वाकला. रामरावाने नवीन बूट घेतले आहेत. कशाचे?

२ ऑगस्ट
नित्यक्रम बसला आहे. पहाटे टोळी भरते, सकाळी मी उतरवतो. संध्याकाळी मी ऐंशीवर थांबवतो. शंभर दिवस झाले. एक दिवस चुकवला नाही. इतक्या निष्ठेने सांभाळलेली बॅटरी जिल्ह्यात दुसरी नसेल. माझा अंदाज, ब्याण्णवची चौऱ्याण्णव झाली असावी.
कौसल्या म्हणाली, बॅटरी कधी वाढते का. तिने एकही व्हिडिओ पाहिलेला नाही.

७ सप्टेंबर
उद्या सर्व्हिसिंग. मॅडम, अब्बामियाँ आणि मी. अब्बामियाँ हट्टाने येत आहेत. मला कानात म्हणाले, फिकर नको, तुझी बॅटरी बराबर निघंल. किती जीव लावतात.
निकाल लागला की मॅडमसमोर रामरावाचं प्रकरण काढणार. मुद्दे कागदावर लिहून खिशात ठेवले आहेत. एकूण अकरा.

८ सप्टेंबर
पंच्याऐंशी.
वर्कशॉपच्या साहेबांनी दोनदा मोजलं. मोजण्यात एखादा टक्का मागंपुढं होतो, म्हणाले. सात होत नाही.
मी मुद्द्यांचा कागद काढणार इतक्यात त्यांनी कॉम्प्युटरचा कागद काढला. गाडी सगळं लिहून ठेवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी मोठ्याने वाचलं. चार्जिंग दिवसातून दोनदा, संध्याकाळी सात आणि पहाटे सव्वापाच. रोज. आणि रोज सकाळी साडेसात ते नऊ गाडी जागेवर उभी, एसी अठरा, काचा उघड्या.
साहेब म्हणाले, ही गाडी कुणीतरी उन्हाळाभर उगाच भरली आणि उगाच रिकामी केली. बॅटरी त्यानं झिजते.
मी ऐंशीचं सांगितलं. ते म्हणाले, काका, ह्या गाडीत कंपनीनंच वर-खाली जागा राखून ठेवलेली असते. पडद्यावरचं शंभर म्हणजे आतलं शंभर नव्हेच. लावायची, भरली की चालवायची.
म्हणजे मध्यम मार्ग फॅक्टरीतूनच बसवून आला होता.
मॅडमनी विचारलं, साडेसातला कोण. चौथं शील आठवलं. मी म्हणालो, मी.
मग विचारलं, पहाटे कोण. मी दाराकडे बघत होतो, जणू रामराव आत येणार. अब्बामियाँ म्हणाले, मैं.

त्याच दिवशी, रात्री आठ
गाडी घरी लागल्यावर अब्बामियाँ शेडमध्ये थांबले. म्हणाले, देवानंद, रोज बघायचो तर ऐंशीच. मला वाटलं, तू लावून इसरतोस. उमर झाली बिचाऱ्याची. मदीहाला कळलं तर नोकरी जाईल. म्हणून नमाजला उतरलो की लावत होतो, वापस आल्यावर काढत होतो. तुला कळू देलं न्हाई. तुला बुरा वाटला असता.
चादर कुणाची हे विचारलं नाही. हाताला अत्तराचा वास होता. अकरा वर्षं हात मिळवतो आहे.
ते वर गेले. मी वायर गुंडाळली. मला तशी सुबक जमत नाही.

९ सप्टेंबर
रामरावाची माफी मागायची ठरवली होती. गेलो. तो म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, मला पयल्या दिवसापासून म्हाईत होतं. मी अब्बामियाँला कुलूप उघडून देत होतो की.
मग सांगितलं का नाही?
म्हणे, तुम्ही विचारलं कुठं, तुम्ही वास घेत होता.
माफी राहून गेली.

२७ सप्टेंबर
गाडी विकली. पुण्याचा माणूस घेऊन गेला. जाताना पडद्यावर शंभर होते. हात शिवशिवला.

१ ऑक्टोबर
छोटी पेट्रोल गाडी आली. मॅडम स्वतः चालवतात. मला काढलं नाही. ओपीडीत नंबर पुकारायला बसवलं आहे. आवाज चांगला आहे म्हणाल्या. दुपारी अब्बामियाँ शेजारी येऊन बसतात. बॅटरीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.
सकाळी मॅडम निघाल्या तेव्हा आम्ही दोघं गेटपाशी उभे होतो. पहिला गिअर करकरत पडला तो ऐकून दोघांनी एकदमच मान फिरवली.

६ ऑक्टोबर
नव्या गाडीचे टायर मला जास्त फुगलेले वाटतात. ड्युटीचा भाग नाही, पण परवा सकाळी थोडी हवा काढली. काल पुन्हा फुगलेले. पुन्हा थोडी काढली. आज पुन्हा तेच.
रामरावाकडे सायकलचा पंप आहे.
वाकून व्हॉल्व्हची टोपी काढली. टोपीला अत्तराचा वास.
ह्या वेळी समजलो. अब्बामियाँना काही बोलणार नाही, त्यांना वाईट वाटेल. उद्या जरा लवकर येऊन गुपचूप हवा काढून ठेवीन.