मुडपीची रेघ

बाबा, काल भर वर्गात मी खो खो हसले, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी चित्रकलेचा इतिहास शिकवते. हे तुम्ही गेल्यानंतरचं, म्हणून सांगते. दरवर्षी एक तास एकोणिसाव्या शतकातल्या एका विलायती चित्राचा असतो. बड्या लोकांचा दिवाणखाना, झुंबरं, रेशमी झगे, नाच रंगात आलेला, आणि गुलाबी झग्यातली एकटी मुलगी खुर्चीच्या मागे उभी. ती नाचत का नाही? पुस्तकं म्हणतात, प्रेमभंग. मीही तो प्रेमभंग वर्षानुवर्षं अगदी गहिवरून शिकवत आले.

ते चित्र तुम्ही पाहिलंय. नागपूरला शिकत असताना सुट्टीत ते जाडजूड पुस्तक मी आर्वीच्या दुकानात आणलं होतं. दुकान म्हणजे एसटी स्टँडसमोर एक मशीन, एक टेबल आणि ब्लाउजांचा ढीग. तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली ओढता, पान उजेडाकडे धरता आणि विचारता, "पोरी, हे काऊन नाचून नाई राह्यली?"

"तिचं मन मोडलंय, बाबा."

"मोडलं असंन. पण झग्याची मुडपबी सोडली हाय. खुर्चीच्या पायातून पाह्य, रेघ दिसते. रेघीखाली रंग पक्का, वर उडाला. जुना झगा लांब करून देल्ला तिच्या मायनं, म्हणून लपून राह्यली बिचारी."

मी फणकारले, "तुम्ही ब्लाउज शिवा, बाबा. चित्रातलं तुम्हाला काय कळतं?" तुम्ही रागावला नाहीत. "बरं माय," म्हणालात आणि पायडल मारू लागलात. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज त्या वाक्याची लाज वाटते.

काल नव्या प्रोजेक्टरवर चित्र भिंतभर पसरलं. खुर्चीचे पाय माझ्या कमरेएवढे झाले आणि त्यांच्यामधून ती रेघ दिसली. खाली गडद, वर फिकी. हसू आलं ते त्या खुर्चीमुळे, कारण ती माझ्या ओळखीची होती. सातवीच्या गॅदरिंगला तुम्ही माझा निळा स्कर्ट दोन बोटं लांब करून दिला होता. सगळ्या पोरी नाचत होत्या आणि मी बाईंच्या खुर्चीमागे खांबासारखी उभी! घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही रेघेवर पिवळी पट्टी शिवलीत, आणि आठवड्याभरात चौघींच्या आया तशीच पट्टी लावून मागत दुकानात हजर. त्यांच्या स्कर्टांना तर रेघही नव्हती!

मग मी प्रेमभंग दिला सोडून आणि मुडप शिकवली. बडा घर पोकळ वासा, तो दोन बोटांत कसा दिसतो ते सांगितलं. पोरं बाकं सोडून भिंतीशी आली. एकीला कुणाच्या तरी हातमोज्याला रफू सापडला. कॉलेजात इतका गोंगाट मी पहिल्यांदाच होऊ दिला. तेवढ्यात घोळक्यातून प्रश्न आला, "मॅडम, हे कोणत्या पुस्तकात हाय?"

मी म्हटलं, "पुस्तकात नाही. आमच्याकडे कापडाचा व्यवसाय होता, त्यामुळे नजर बसलीय."

कापडाचा व्यवसाय! एक मशीन, आणि कापड सगळं गिऱ्हाइकांचं. पण नोकरी लागल्यापासून मी सगळ्यांना हेच सांगत आलेय, बाबा. तुम्ही रेघ झाकून दिलीत, आणि मी अजून खुर्चीमागेच उभी आहे.

हे पत्र त्याच पुस्तकात, त्याच पानात ठेवतेय. उद्या अकराला पुन्हा त्याच वर्गाचा तास आहे. पहिलं वाक्य ठरलंय: माझे वडील आर्वीला ब्लाउज शिवायचे, आणि हे चित्र त्यांनी वाचलंय. इथे वर्ध्यात, नालवाडीच्या घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.