आईच्या पायाचं माप

हुमनाबाद, बुधवार, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

मनालीच्या हॉटेलवाल्यानं बर्फावर घसरायचे बूट कुणाकुणाला हवेत, ते मापासकट कळवायला सांगितलं होतं. मी माझं आणि धाकट्या बहिणीचं माप लिहिलं. अप्पांचा गुडघा दुखतो, म्हणून ते नको म्हणाले. आईच्या नावापुढे मात्र तिला न विचारताच 'बसून बघणार' लिहून टाकलं. असं का केलं? ती पडेल, ही भीती. पण विचारायला काय झालं होतं?

बहिणीनं ते तिला वाचून दाखवलं.

"मी कामून बसू?" आई म्हणाली. "पावसात काळ्या रानातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन येते मी. कधी पडले का?"

अप्पा हसले. "हिला बर्फात सोडलंस तर तिथं पण खुरपायला बसंल बघ."

"तुमी बसा शेकत," म्हणत तिनं वहीच्या कागदावर पाय ठेवला. मी भोवतीनं पेन्सिल फिरवली. उभ्या जन्मात तिनं चपलेशिवाय पायात काही घातलेलं नाही. पंजा केवढा रुंद. दोनदा मोजलं, चोवीस सेंटिमीटर. खूण करताना माझी पेन्सिल घसरली. तिचा पाय जागचा हलला नाही.

"आणि पडलीस तर?"

"उठीन की. बर्फ मऊ असतंय म्हणायलास ना तूच."

निरोप तीनदा वाचून पाठवला: तीन जोड, आईचा रुंद. खाली लिहिलं, शिकवणारा माणूस हवा. एकासाठी. माझ्यासाठी.