न विचारता वाढायचं

१९ जाने. ९७, रवि.
जयवंत आणि त्याची बायको तिळगूळ द्यायला आली होती. सु.चा धाकटा भाऊ, उरणकडून आला. सु. म्हणाली, जेवायला बसा. तो म्हणाला, "नको गं, आमी जेवून आलोय." मी कालवणाचं पातेलं झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. चहा घेतला, थोडं बसले, गेले. नंतर सु. गप्प. मला वाटलं डोकं दुखतंय.
दिवेलागणीला म्हणाली, "माझा भाऊ उपाशी गेला."
जेवून आलोय म्हणाला ना.
"तसं म्हणायचंच असतं. आपण आग्रह करायचा असतो. त्याच्या डोळ्यांदेखत पातेलं उचललंत."
म्हणजे खोटं तो बोलला आणि चूक माझी. हे तोंडावर बोलून दाखवलं. बोलायला नको होतं. सु. म्हणते, माझ्या माहेरचं माणूस दिसलं की तुमच्या कपाळाला आठी पडते. पडते खरी. जयवंत फार मोठ्याने बोलतो.

१ फेब्रु., शनि.
सु. सुकापूरला बालवाडी चालवते. आज सगळ्या बालवाडीच्या बायांना प्रशिक्षण होतं. एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या होत्या, परदेशात शिकलेल्या. काही मुलं नजरेला नजर देत नाहीत, बोललेला शब्द न् शब्द खरा धरतात, गोंगाट सहन होत नाही, इ. इ. सु. घरी आली आणि जेवताना माझ्या ताटाकडे बघत बसली. मी भाजीचा रस भाताला लागू देत नाही. मध्ये चपातीचा बांध घालतो.
"लहानपणापासून असंच जेवता?"
हो.
"आमच्याकडे चंद्रीच्या लग्नात हळदीला पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला होतात, ते कशासाठी?"
बँजो होता, कर्णे लावून.
मग भांडी घासता घासता, पाठमोरी: "एकदा त्या बाईंना दाखवून येऊ. तुम्हाला काही होतंय, की मीच नकोशी झालेय, एवढं तरी मला कळू दे. असं मला नाही जमणार आता."
म्हटलं, जाऊ.

८ फेब्रु., शनि.
दाखवून आलो. बाईंचा आवाज बेताचा आहे, आवडला. ट्यूबलाइट गुणगुणत होती. मी दोनदा वर बघितलं, त्यांनी उठून बंद केली. असं आजवर कोणी केलं नव्हतं. प्रश्न पुष्कळ विचारले. ऑफिसात काय करता? नकाशे काढतो, नव्या सेक्टरांचे रस्ते, गटारं. मित्र? जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसतो तो एक. त्याचं घर कुठे? विचारलेलं नाही.
लहानपणी ज्यांनी पाहिलंय त्यांना आणा म्हणाल्या. आईला पेणहून बोलवायला हवं.

१५ फेब्रु., शनि.
आई आली. बाईंसमोर सरसावून बसली. माझ्या पोराला काही झालेलं नाही, कधी मारामारी नाही, पहिला नंबर सोडला नाही. बाईंनी तिला बोलू दिलं. मग आपणच सांगत सुटली: पाहुणे आले की माळ्यावर. नवा सदरा घातला की रडायचा, जुना झाल्यावर तोच अंगातून काढायचा नाही. चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, आणि बोलला तो एकदम अख्खं वाक्य.
दवाखान्याबाहेर आल्यावर सु.ला म्हणाली, "लग्नाच्या वेळी आम्ही काही लपवलं नव्हतं हो." सु. म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं?" परतीच्या गाडीपर्यंत दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालल्या. मी मधून चाललो होतो.

२२ फेब्रु., शनि.
नाव मिळालं. ऑटिझम. मोठ्या माणसाला हे नाव मी पहिल्यांदाच देतेय, असं बाई म्हणाल्या. जन्मापासूनचं. वेड नाही, औषध नाही. मराठीत काय म्हणतात विचारलं. "काहीजण आत्ममग्न म्हणतात. पण तुम्ही मग्न कुठे आहात, चांगले त्रासलेले आहात." हसलो. अंदाज बांधत बसू नका, सरळ विचारत जा, हे मला सांगितलं. सु.ला सांगितलं, सरळ सांगत जा.
फार हलकं वाटलं. अडतीस वर्षं माझंच काहीतरी चुकतंय म्हणून मुकाट बसत आलो. बाहेर येऊन उसाचा रस घेतला. सु.ने ग्लास हातात धरून ठेवला.
"म्हणजे हे बदलणार नाही."
नाही, म्हटलं. आनंदाने म्हटलं असावं.

२ मार्च, रवि.
आठवडाभर सु. माझ्याशी बालवाडीच्या सुरात बोलतेय. सावकाश, मान तिरकी करून. "आता आपण आंघोळीला जाऊ या का?" आज माझी भाजी आधीच वेगळ्या वाटीत काढली आणि "शाब्बास" म्हणाली. वाटी बाजूला केली. म्हटलं, मी तोच माणूस आहे ज्याने मागच्या महिन्यात तुझी शिलाई मशीन सुटी करून परत जोडली. म्हणाली, "मग मी करू तरी काय? त्यांनी सांगितलं ते सगळं लहान मुलांचंच होतं. नवऱ्याचं कोणी सांगितलंच नाही."
हे बरोबर आहे. मलाच सांगावं लागणार. बोलून जमत नाही.

९ मार्च, रवि.
सु.ला सहा आसनी रिक्षातून पळस्पे फाट्यावर नेलं. गोव्याचा रस्ता फुटतो तिथे, टपरीच्या पुढे उभी केली. ट्रक, एस.ट्या, सगळ्यांचे हॉर्न. म्हटलं, तुझ्या आईच्या चिंबोऱ्यांच्या कालवणाची कृती सांग. "इथे?" इथेच. सुरू केलं, वाटणापर्यंत आली, एका टँकरने भोंगा दिला, थांबली. पुन्हा पहिल्यापासून. लसणाशी अडकली. मग चिडली: "घरी सांगते ना, इथे माझं मलाच ऐकू येत नाही."
म्हटलं, तुमच्याकडच्या हळदीला माझं असं होतं. आणि तेव्हाच सगळे एकदम विचारत असतात, काय जावई, कसं काय.
तिने कानांवर पदर घेतला. "मला वाटायचं, तुम्हाला माझ्या लोकांची लाज वाटते."
अजिबात नाही, म्हटलं. तेवढं तरी लगेच सुचलं.
संध्याकाळी मी विचारलं, आग्रह किती वेळा करायचा? "मोजायचं नसतं." मग थांबायचं केव्हा? "चेहऱ्यावरून कळतं." मला नाही कळत. तिने विचार केला. म्हणाली, "मग विचारूच नका. न विचारता वाढायचं. वाढलेलं ताट कोणी ढकलत नाही."
हे जमेल.

१७ मार्च, सोम.
ताप होता म्हणून घरी. सु. बालवाडीत. तहसील कचेरीतलं काम आटपून जयवंत दुपारी दारात. एकटाच. मी त्याला बसवलं, कालचं बोंबलांचं कालवण गरम केलं, भात घातला, ताट वाढून पुढे ठेवलं. एक शब्द विचारला नाही.
तो म्हणाला, "दाजी, नको. आज सोमवार हाय."
नको म्हणणार हे ठाऊक होतं. आणखी एक डाव वाढला.
"माझा उपास हाय, दाजी."
मी दोन बोंबील अजून वाढले. मनात म्हटलं, या वेळी चुकायचं नाही.
तो ताटावरून उठला. "तुमी मुद्दाम करताव. तवा उपाशी धाडला, आज बाटवताव." तेवढ्यात सु. आली. ताट बघितलं, माझ्या हातातला डाव बघितला, आणि हसत हसत खालीच बसली. एवढी हसलेली मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. जयवंत हसला नाही. "येडं हाय का गं ह्यो?"
सु.चं हसू थांबलं. भावाशी बोलताना ती गावच्या बोलीत जाते. "येडं नाय. त्याला मीच सांगितलेलं, न विचारता वाढ म्हनून. सोमवारचं सांगायचं माझंच राह्यलं. बस, साबुदाना करते."
तो बसला. साबुदाणा खाल्ला. जाताना माझ्याकडे न बघता "येतो" म्हणाला.
ती माझ्या बाजूने बोलली. फार बरं वाटलं, तापातसुद्धा.

१८ मार्च, मंगळ.
कालचं विचारलं, नियमात सोमवार घालू या का. आणि गुरुवार, चतुर्थी. सु. तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सगळं घाला. पण दर वेळी मीच सांगायचं ना? जन्मभर? मला काय हवंय, ते एकदा तरी न सांगता कळावं असं मला वाटतं. ते यातलं कशातच बसणार नाही."
बसणार नाही, म्हटलं. खरं ते सांगितलं. रडली. पाणी आणून दिलं. ते तिला हवं होतं की नाही, माहीत नाही. प्यायली.

२२ मार्च, शनि.
होळीला सु. माहेरी गेली. दरवर्षी धुळवड झाली की मी आणायला जातो. आज स्टँडवर म्हणाली, "या वेळी न्यायला येऊ नका. यायचं तेव्हा मी येईन."
एरवी बरं म्हटलं असतं. आज विचारलं: खरंच येऊ नको, की मी यावं म्हणून म्हणतेस?
उरणची गाडी लागली, लोक खिडक्यांतून रुमाल टाकायला धावले. ती जागची हलली नाही.
"मलाच माहीत नाही," म्हणाली.
हे मला जसंच्या तसं कळलं. भीती वाटली. म्हटलं, मंगळवारी तुमच्या शेजारच्यांकडे फोन करतो, तेव्हा विचारतो. "आणि तेव्हाही माहीत नसलं तर?" तर तसं सांग. मान हलवली आणि चढली. मी पिशवी खिडकीतून आत दिली.
गाडी गेल्यावर लक्षात आलं. ती नकोशी झाली आहे का, हे तिने फेब्रुवारीत विचारलं होतं. मी फक्त दवाखान्यात गेलो. नाही, एकही दिवस नाही, हे तिला सांगितलेलंच नाही. तिला ते न सांगता कळलं असेल, असं धरून चाललो होतो.