माळ्यावरचा पिवळा स्वेटर

आई,

तुम्ही झोपला होतात म्हणून उठवलं नाही. मी आणि सर्वेश मुलुंडला सोनोग्राफीला जातोय.

सकाळी माळ्यावर पेपरात गुंडाळलेला तो छोटा पिवळा स्वेटर सापडला. बाहीला कसर लागलीय. झटकून गॅलरीत टाकलाय, ऊन उतरेपर्यंत काढू नका. आणि पुन्हा ठेवताना डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, बाळाला चालत नाहीत. कडुनिंबाचा पाला आणते.

गेल्या वेळी आपलं बाळ गेलं ते तुम्ही जन्माआधीच स्वेटर विणलात म्हणून नाही हो. दोन वर्षं तुम्ही लोकरीला हात लावला नाहीत, मला दिसत होतं.

सुया आणि पिवळी लोकर टेबलावर ठेवलीय. बाही सांधा आणि टोपडंही विणायला घ्या. आजच, बाळ यायच्या आधी.

ऋतिका